मुशी वाचवायची तर मच्छीमाराला दुसरा धंदा द्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यातल्या एका गावात काम करणारी छोटी संस्था. गावच्या गिलनेटमध्ये (पाण्यात उभं सोडलेलं, मासा कल्ल्यात अडकवणारं जाळं) आणि रापणीत (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) मुशीची, म्हणजे शार्कची, पिल्लं येतात, त्यात हातोडीसारख्या डोक्याच्या मुशीचीही असतात. या जाती धोक्यात आहेत. खेकडापालन आणि पर्यटन असा पर्यायी रोजगार उभा केला तर मच्छीमार मुशी धरणं थांबवतील का? तीन वर्षांचा प्रस्ताव लिहायचा आहे, तर सुरुवात कुठून करावी?

मी वीसेक वर्षं कोकण किनाऱ्यावर, जास्त करून मासे विकणाऱ्या बायकांबरोबर, याच कामात आहे. त्या अनुभवावरून सांगते. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट धरून चालली आहे, ती आधी तपासायला हवी: मच्छीमार मुशी 'धरतो' ही.

आमच्या किनाऱ्यावर मुशीसाठी म्हणून बोट सोडणारे फार थोडे. बोट जाते सुरमई, बांगडा, सरंगा, कोळंबीसाठी, आणि मुशी त्याच जाळ्यात येते. पहिल्या वर्षी मी मालवणात एका म्हाताऱ्या रापणकराला मोठ्या उत्साहानं मुशीचं महत्त्व समजावत होते. त्यांनी दोर ओढता ओढता मान वळवून विचारलं, "गो बाय, मोरी काय माका इचारून येता काय जाळ्यात?" मोरी म्हणजे मुशीच. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला चार-पाच वर्षं लागली. माणसाला एक धंदा सोडून दुसरा धर म्हणता येतं. पण जी गोष्ट तो करायला जातच नाही, ती सोड कशी म्हणणार? त्यानं उद्या खेकडे पाळले तरी त्याचं गिलनेट संध्याकाळी पाण्यात पडणारच आहे, आणि पिल्लं त्यात येणारच आहेत.

म्हणून 'पर्यायी रोजगार' हा शब्द प्रस्तावात घालण्याआधी तुमच्या गावात मुशी कोणत्या जाळ्यात, कोणत्या महिन्यात, किती खोलीवर येते आणि तिचे पैसे कोणाच्या हातात जातात, हे शोधा. हे पैसे कुठे जातात ते लोक सहसा पाहत नाहीत, म्हणून तेच जरा सविस्तर सांगते.

रापण ओढून झाली की किनाऱ्यावर मासळी निवडायला बसतात. बांगडा, तारली, पेडवे वेगळे होतात, चांगली मासळी लिलावाला जाते, आणि बाजूला एका टोपलीत उरलंसुरलं पडतं. त्यात हातभर लांबीच्या मोऱ्या असतात, पाखटाची (शार्कच्याच नात्यातल्या चपट्या अंगाच्या माशाची) पिल्लं असतात. एकदा अशा टोपलीत मी हातोडी मुशीची सात पिल्लं मोजली. प्रत्येकाच्या पोटावर नाळेची खूण अजून बुजलेली नव्हती, म्हणजे जन्माला येऊन फार दिवस झाले नव्हते. टोपली एका बाईनं घेतली. तिनं त्या सात पिल्लांचे आणि मोऱ्यांचे मिळून वाटे लावले आणि दहा वाजायच्या आत विकून मोकळी झाली. घेणाऱ्यांत एक आजी होती, घरी सून बाळंत झाली होती तिच्यासाठी. बाळंतिणीला मोरी दिली की दूध येतं, ही समजूत आपल्या किनाऱ्यावर घरोघरी आहे. मोरीचं मटण तर पाहुण्यांसाठी राखून ठेवण्याचा पदार्थ.

आता या साखळीत परदेशी बाजार कुठेच नाही. शार्क म्हटलं की लोकांना पंख आणि सूप आठवतं. भारतानं २०१३ मध्ये पंख कापून मासा समुद्रात टाकण्यावर बंदी घातली, २०१५ मध्ये सगळ्याच शार्कच्या पंखांची निर्यात बंद केली. दोन्ही निर्णय गरजेचे होते. पण त्या टोपलीवर त्यांचा काहीच परिणाम झाला नाही, कारण ती टोपली गावातच संपते. ज्या बाईनं ती घेतली ती बोटीवर जात नाही, मच्छीमार सोसायटीची सभासद नाही, आणि कोणत्याही प्रकल्पाच्या 'लाभार्थी' यादीत तिचं नाव नसतं. तुमच्या गावातही ती आहे. तिला आधी भेटा.

दुसरी गोष्ट बोटीच्या हिशोबाची. बहुतेक ठिकाणी आलेल्या पैशातून आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा होतो, मग बोट-जाळ्याचा हिस्सा निघतो, आणि उरलेल्याचे माणसांना वाटे पडतात. सुरमईचा दिवस असेल तर मोरीकडे कोणी बघत नाही. जाळं रिकामं आलं त्या दिवशी मात्र मोरी आणि पाखट विकून निदान डिझेल सुटतं. व्यापाऱ्याकडून उचल घेतलेल्या बोटीला तर असा एकेक दिवस जड जातो. वर्षाच्या कमाईत मोरीचा भाग लहान दिसेल, पण ती कमाई ज्या दिवशी येते तो दिवस मोठा असतो. तुमच्या पर्यायानं वर्षाला किती रुपये मिळतात यापेक्षा ते रिकाम्या जाळ्याच्या दिवशी हातात येतात का, हे तपासा. खेकड्याचे पैसे सहा-आठ महिन्यांनी येतात. ते चांगलेच पैसे आहेत, पण मोरीच्या जागी बसणारे नाहीत.

खेकड्याबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण तुमच्या प्रस्तावात तो पहिला पर्याय आहे. एका खाडीत दहा बायकांच्या गटाबरोबर आम्ही कुर्ल्यांचा प्रकल्प केला. निधी मंजूर झाला, पण हातात यायला उशीर झाला. पिल्लं सोडायची वेळ टळली आणि ती पावसाच्या तोंडावर आली. उधाणाच्या पाण्यानं जाळीचं कुंपण एका बाजूनं वाकलं. शिवाय कुर्ली कात टाकते तेव्हा मऊ असते आणि बाकीच्या कुर्ल्या तिला खातात. लपायला पाइपचे तुकडे, कौलं पुरेशी टाकली नव्हती. अर्ध्याहून जास्त गेल्या. बायकांनी आम्हाला एक शब्दही बोलला नाही, आणि तेच मला आजवर जास्त लागून राहिलं आहे. त्यांनी त्या खाडीत महिनोन्‌महिने पहाटे उठून खाद्य टाकलं होतं. ते खाद्य काय होतं, तर बाजारातली बारीक, हलकी मासळी. ट्रॉलर जी मासळी खरवडून आणतात तीच. एकीकडे जाळ्यातली पिल्लं वाचवा म्हणायचं आणि दुसरीकडे त्याच जाळ्याच्या मालाला नवं गिऱ्हाईक उभं करायचं, हा विरोधाभास मला तेव्हा दिसला नव्हता. तुम्ही खेकडे पाळाच, पण खाद्य कुठून येणार हे पहिल्या पानावर लिहा. कालवं आणि शिनाण्यांना (शिंपल्यांना) बाहेरून खाद्य लागत नाही, त्यामुळे खाडीचं पाणी स्वच्छ असेल तर मी आधी त्यांचा विचार करीन.

महाराष्ट्रात २०१७ पासून कांदळवन क्षेत्रातल्या गावांसाठी राज्याची उपजीविका योजना आहे. तिच्यात खेकडे, कालवं, शिनाणे, पिंजऱ्यातले मासे, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असे प्रकार आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात, ते जाऊन पाहून या. बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला की घरात काय बदलतं ते तिथं कळेल. मात्र ते काम कांदळवनासाठी उभं राहिलं आहे. त्यातून मुशी वाचते असं म्हणता येणार नाही, आणि प्रस्तावात तसं लिहूही नका.

पर्यटनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मालवण-तारकर्लीत स्नॉर्कलिंग आणि स्कुबानं अनेक तरुणांना काम दिलं, मुंबईला जाणारी पोरं गावात राहिली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ते काम पोहता येणाऱ्या, बोलक्या, विशी-तिशीतल्या मुलांना मिळतं. पन्नाशीचा तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि टोपली घेणारी बाई त्यात कुठे बसत नाहीत. पर्यटनाचा हंगाम आणि मासेमारीचा हंगाम एकच, पावसाळ्यात दोन्ही बंद. म्हणजे ज्या दोन महिन्यांत घरात पैसा नसतो, तेव्हा पर्यटनही नसतं. आणि आपल्या पाण्यात मुशी दाखवायला नेता येत नाही. मालदीवनं २०१० मध्ये शार्क मासेमारी पूर्ण बंद केली. तिथं पाणी काचेसारखं आहे आणि शार्क बघायला जगभरातून लोक येतात, त्यामुळे जिवंत शार्कची किंमत सरळ दिसते. आपल्या गढूळ, खाड्यांच्या किनाऱ्यावर तो हिशोब लावू नका.

आता यशाचं उदाहरण. ते आपल्या शेजारीच आहे, आणि त्याबद्दल अर्धवट बोललं जातं म्हणून नीट सांगते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळ-मांगरोळ भागात, नव्वदच्या दशकात व्हेल शार्कची मोठी शिकार होत असे. आपल्याकडे तिला कोणी बहिरी म्हणतात, कोणी देवमुशी. मोठा गळ अंगात रुतवायचा, दोराला रिकामी पिंपं बांधायची, आणि मासा दमेपर्यंत ती ओढू द्यायची. म्हणून तिथं त्या माशाचं नावच 'बॅरल' पडलं होतं. यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावायला, मांस परदेशात. २००१ च्या मे महिन्यात व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला, शिकार गुन्हा ठरली. पण किनाऱ्यावर ते फारसं कोणाला माहीतच नव्हतं.

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियानं, गुजरात वनविभाग आणि टाटा केमिकल्स यांच्यासह, मोहीम सुरू केली. रामकथाकार मोरारी बापूंनी तिथल्या मच्छीमार खारवा समाजाला सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, 'व्हाली' आहे. माहेरी आलेल्या लेकीवर कोणी हत्यार उगारत नाही. ज्या माणसांनी गळ रुतवले होते तीच माणसं पुढे आपलं जाळं कापून मासा सोडू लागली. आजवर शेकडो व्हेल शार्क तिथं सुटले आहेत. मला आजही हे आठवलं की कामाला बळ येतं.

पण फक्त बापूंच्या शब्दामुळे हे घडलं असं समजू नका. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं, त्यामुळे बाहेरचा बाजार आटला. जाळं कापल्याची भरपाई सुरू झाली. आणि एक साधी, फार शहाणपणाची गोष्ट झाली. आधी मासा अडकला की खात्री करायला वनखात्याची माणसं येईपर्यंत बोटीनं थांबायचं, तोवर माशाचा जीव जायचा आणि बोटीचा दिवसही. मग मच्छीमारांनाच कॅमेरे दिले: तुम्ही सोडा, तुम्हीच फोटो काढा, आम्ही मानतो. मच्छीमाराच्या शब्दावर सरकारनं विश्वास ठेवला, हे माझ्या मते भरपाईच्या रकमेइतकंच मोलाचं ठरलं.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून अशीच योजना आहे. संरक्षित जीव जाळं कापून सोडला, फोटो किंवा व्हिडिओ दिला, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तुमच्या गावात किती जणांना ती माहीत आहे ते विचारा. अर्ज कसा करायचा, फोटोत काय दिसायला हवं, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात छापून सोसायटीच्या भिंतीवर लावलंत तर तेही तीन महिन्यांचं चांगलं काम आहे. सोडायचं कसं तेही त्यावर लिहा: शेपटीला दोर बांधून मागे ओढायचं नाही, कारण उलट्या दिशेनं ओढलं की कल्ल्यांतून पाणी नीट वाहत नाही आणि मासा गुदमरतो. जाळं डोक्याकडून मोकळं करायचं.

मात्र व्हेल शार्कचा धडा मोरीला जसाच्या तसा लागू होत नाही. व्हेल शार्क एक, प्रचंड, लांबून ओळखू येणारा, आणि आपल्या ताटात नसलेला. मोऱ्या अनेक जातींच्या, पिल्लं एकमेकांसारखी, आणि ताटात रोजच्या. सरकारनंही इथं ठेच खाल्ली आहे. २००१ च्या जुलैमध्ये सगळेच शार्क आणि पाखटं पहिल्या अनुसूचीत टाकली. किनाऱ्यावर असंतोष उसळला, कारण सरसकट बंदी पाळणं शक्यच नव्हतं. डिसेंबरमध्ये यादी दहा जातींवर आणावी लागली. नंतर कायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून यादी पुन्हा वाढली आहे, तेव्हा चालू यादी मत्स्य विभागाकडून घेऊनच गावात बोला. चुकीचं नाव सांगितलंत तर एका दिवसात विश्वास जातो.

जातीजातींत फरक करणं म्हणून अटळ आहे. आपल्या बाजारातली नेहमीची चपट्या नाकाची लहान मोरी दोनेक वर्षांत वयात येते आणि एका वेळी दहा-बारा पिल्लं देते. तिची मासेमारी सांभाळून चालू राहू शकते, आणि ती पूर्ण बंद करा असं मी कधीच म्हणत नाही. हातोडी मुशीची गोष्ट वेगळी. मादी दोन मीटरच्या पुढे गेल्यावर वयात येते, पिल्लं उथळ किनाऱ्यावर सोडते आणि ती पिल्लं नेमकी आपल्या जाळ्यांच्या पट्ट्यात वाढतात. ही जात आज अतिसंकटग्रस्त आहे. जगभरात खुल्या समुद्रातले शार्क आणि पाखटं १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, असा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गावाला हे सगळं पेलायचं नसतं. त्या गावानं आपल्या उथळ पट्ट्यातली हातोडीची पिल्लं सांभाळली तरी खूप झालं.

इथं एक अडचण आहे, तिच्याकडे डोळेझाक करू नका. हातोडी मुशी फार नाजूक. गिलनेटमध्ये अडकली की थोड्या वेळात मरते, जाळं ओढेपर्यंत सोडण्यासारखं काही उरत नाही. गिटारसारख्या अंगाचे तळाचे मासे चिवट असतात, ते बराच वेळ जगतात. त्यामुळे 'सोडल्याबद्दल पैसे' ही योजना एका माशाला उपयोगी आणि दुसऱ्याला जवळजवळ निरुपयोगी. इंडोनेशियात असा प्रयोग नीट तुलना करून झाला. पुष्कळ मासे जिवंत सुटले, पण पैसे मिळतात म्हटल्यावर काही बोटींनी ते मासे जास्त पकडायला सुरुवात केली. चिवट जातीला एकूण फायदा झाला, हातोडीचं नुकसान झालं. मच्छीमारांना दोष देऊ नका, आपण जसा भाव लावू तसा माल येतो. भरपाई ठेवायची तर ती कापलेल्या जाळ्याची ठेवा, माशाची ठेवू नका, आणि एका बोटीला हंगामात किती वेळा द्यायची याची मर्यादा सोसायटीला ठरवू द्या.

हातोडीसाठी उपाय जागेचा आणि वेळेचा. पिल्लं कोणत्या आठवड्यांत कोणत्या पट्ट्यात येतात हे तांडेलांना ठाऊक असतं. तेवढे दिवस तो पट्टा सोडायचा, किंवा जाळं रात्रभर न ठेवता दोन-तीन तासांत ओढायचं. त्यानं होणारा तोटा मोजता येतो आणि तेवढाच भरून द्यायचा असतो. सोसायटीकडे लहानसा निधी ठेवा आणि पैसे त्याच आठवड्यात द्या. डिझेल परताव्याची वाट पाहून दमलेल्या माणसाला 'नंतर मिळतील' हे शब्द ऐकवू नका. जोडीनं व्यापाऱ्याची उचल कमी करायला मदत करा. मच्छीमारांना २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मिळू शकतं, पण कागदपत्रांत अडतं. ते कागद जमवून देणं हेही मुशी वाचवण्याचंच काम आहे, कारण उचल कमी झालेला तांडेल एखादा पट्टा सोडायला तयार होतो.

टोपलीवालीलाही विसरू नका. त्या आठवड्यांत तिला विकायला दुसरी मासळी हवी. बर्फाची पेटी आणि थोडं खेळतं भांडवल मिळालं तर ती लिलावात बांगड्याची बोली लावू शकते. मी हे दोन गावांत केलं. माझ्या सगळ्या कामात सर्वांत कमी पैशात झालेलं आणि टिकलेलं काम हेच.

एक राजकीय गोष्टही. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा लोकांना विश्वासात घेतलं नाही, ही सल तिथं आजही आहे. 'संरक्षण' म्हटलं की लोक आधी हद्द कुठे आखणार ते विचारतात. त्यातच आपल्या हद्दीत रात्री ट्रॉलर आणि एलईडी दिव्यांच्या बोटी घुसताना ते रोज बघतात. छोट्या गिलनेटवाल्याला पिल्लं सोड म्हणायचं आणि त्या बोटींबद्दल गप्प बसायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही. तुमच्या संस्थेला देणगीदारांपायी त्यावर बोलता येत नसेल, तर गावाला पहिल्याच बैठकीत तसं स्पष्ट सांगा.

तीन वर्षांचं म्हणाल, तर पहिलं पूर्ण वर्ष फक्त नोंदी ठेवा आणि प्रस्तावात तसंच लिहा. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्यावर असतात, माणसं जाळी विणत, दुरुस्त करत बसलेली असतात. तेव्हा जा, सोबत बसा, पट्टे आणि महिने विचारा. गावातल्याच बारावी झालेल्या एखाद्या मुलीला मानधन देऊन लिलावाच्या जागी वही घेऊन बसवा. जात, लांबी, नाळेची खूण आहे की नाही, जाळं कोणतं, किती वाव खोल पाण्यात, टोपली कितीला गेली, आणि ती कोणी घेतली. नारळी पौर्णिमेनंतर पहिली बोट लागेल त्या दिवसापासून रोज. वहीचं पहिलं पान भरलं की मला पाठवा, रकाने कुठे कमी पडतात ते आपण एकत्र बसून पाहू.